आल्बिनाची हरकत

दुपारी तीनच्या सुमाराला वसईतल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत डोळ्यांवर गुंगी येते. खिडकीबाहेर केळीची पानं हलतात, आत कपाटांवर त्यांच्या सावल्या हलतात, आणि आल्बिना स्टुलावर बसून अर्धी जागी, अर्धी भलतीकडेच कुठेतरी असते. तेहतीस वर्षं ती इथं पुस्तकं देते, परत घेते, जागेवर लावते. मुलं तिला आंटी म्हणतात. वाचते फार, बोलते बेताचं.

त्या दिवशी मात्र डोळा लागणं शक्य नव्हतं. चार वाजता ॲन्सेल्म गेटवर उत्तर न्यायला यायचा होता.

उत्तर कसलं, तर लग्नाचं. पंचावन्नाव्या वर्षी. हसू येण्यासारखंच आहे म्हणा, पण आल्बिनाला आठ दिवस हसू आलं नव्हतं. याच ॲन्सेल्मशी तीस वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. रिवाजाप्रमाणे चर्चमध्ये तीन रविवार मिस्सेच्या वेळी दोघांची नावं वाचायची, आणि कुणाला या लग्नात अडचण ठाऊक असेल तर त्याने कळवायचं. कळवायचं म्हणजे मागाहून, फादरांना गुपचूप भेटून. आणि तेही दुसऱ्या कुणीतरी. दुसऱ्या रविवारनंतर ॲन्सेल्मची आई म्हणाली, लग्न झालं की लायब्ररी बंद, केळीच्या वाडीत कामाला माणूस लागतं. ॲन्सेल्म शेजारी बसून चहा पीत राहिला. तिसऱ्या रविवारी नावं वाचून झाली आणि ही बाई भर मिस्सेत उभी राहिली. "फादर, हरकत माझीच आहे," म्हणाली. गावाला वर्षभर दुसरा विषय नव्हता.

पुढे ॲन्सेल्मने दुसरीकडे संसार केला. बायको वारली, मुलगी कॅनडाला गेली, आणि आता तो पुन्हा विचारत होता. आल्बिनाला तो आवडायचा, तेव्हाही आवडायचा. खरी पंचाईत तीच होती. पण बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर पगारातून बांधलेल्या तिच्या दोन खोल्याही तिला तितक्याच आवडायच्या. पहाटे तिथं पाण्यावरून गार वारा यायचा. मोगऱ्याच्या कळ्या खुडताना तिला वाटायचं, आपण कुणाच्याच नाही आहोत, आणि हे किती बरं आहे.

कोपऱ्यातल्या टेबलाशी एम.ए.ची तीन मुलं एका जुन्या कादंबरीवर वाद घालत होती. आल्बिनाने ती पाचदा वाचलेली. नायिका लग्नाला नकार देते, स्वतःची शाळा काढते, आणि केस पांढरे झाल्यावर त्याच माणसाच्या घरी नांदायला जाते.

"शेवटी हरलीच ना ती," स्टेफी म्हणाली. "एवढी फाइट दिली आणि शेवटी त्याच्याच किचनमध्ये."

"प्रेम होतं यार," क्लिफर्ड म्हणाला. "एकटीनेच मरायचं काय मग?"

पुस्तकांच्या ढिगाआडून आल्बिना ऐकत होती. स्टेफी बोलली की तिला आपल्या दोन खोल्या दिसत, दारं मिटलेल्या, अंगणात पाचोळा साचलेल्या. क्लिफर्ड बोलला की ट्रंक घेऊन केळीच्या बागांमधून चाललेली एक बाई दिसे, आणि बघता बघता ती बाई आल्बिनाच होऊन जाई. दोघांचंही तिला पटत होतं, म्हणून तर जीव टांगणीला लागला होता.

तिसरी स्वप्नाली. फुलपाड्याहून येणारी, एरवी मान खाली घालून नुसत्या नोट्स काढणारी. ती म्हणाली, "मला एक कळत नाही. तीच का गेली? तो का नाही आला तिच्या घरी?"

क्लिफर्डने शेवटची पानं पुढेमागे चाळली. "तेव्हा असं थोडीच लिहिणार," तो पुटपुटला.

"आंटी, तुम्हाला काय वाटतं?" स्वप्नालीने विचारलं.

"चार वाजल्यावर सांगते," आल्बिना म्हणाली.

पाचदा वाचूनही हा साधा प्रश्न आपल्याला पडला नाही, याची तिला लाजच वाटली. तीस वर्षांपूर्वी भर मिस्सेत उभी राहिली ती नोकरीसाठी. घर बाईनेच सोडायचं, हे तर तीही धरून चालली होती.

चार वाजता गेटवर ॲन्सेल्म स्कूटरला टेकून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. आल्बिना जवळ गेली आणि पाणी प्यायल्यासारखं सहज बोलून गेली.

"लग्न करते. पण मी तुझ्याकडे येणार नाही. तू माझ्याकडे राहायला ये."

ॲन्सेल्मचं तोंड उघडंच राहिलं. गाव काय म्हणेल, मुलगी काय म्हणेल, सगळं त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. समोरून दोन रिक्षा गेल्या. त्याने स्कूटरची चावी या हातातून त्या हातात घेतली. संपलं, असं आल्बिनाला वाटलं, आणि या वयात गेटवर उभं राहून रडू येतंय, याचा तिला रागही आला.

"माझा पलंग तुझ्या दारातून आत जाईल काय गं?" ॲन्सेल्मने विचारलं.

"नाही गेला तर राहू दे तिकडेच," ती म्हणाली. "तू ये."