खाऱ्या पाण्याचा हंडा

बहात्तरचा दुष्काळ संपता संपत नव्हता, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. सगळं गाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं, आणि मी मिरजगावाजवळच्या आमच्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात, समुद्रातल्या दोन आजारी माशांची सेवा करत होते. आज सांगितलं की लोक हसतात. तेव्हा मला हसू सुचत नव्हतं. त्या काचेच्या पेटीपुढे उकिडवं बसायचं, उठायचं, चुलीपर्यंत जायचं आणि पुन्हा येऊन बसायचं, एवढंच चाललं होतं.

नगरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. आदल्या वर्षी सहलीहून परतताना आमच्या विभागाच्या सरांनी कोकणच्या खडकातले मासे आणले आणि थेट मोठ्या टाकीत सोडले. त्यांच्यासोबत रोग आला आणि टाकीतला एकूण एक मासा गेला. म्हणून या खेपेला मी हट्ट धरला, नवे मासे आधी वेगळे ठेवायचे, दुखणं असेल ते तिथेच निस्तरायचं आणि मगच टाकीत घालायचे. सर म्हणाले, "मग बाई, तुम्हीच सांभाळा." ते सुट्टीला गावी गेले, प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि मासे एस.टी.तून माझ्या मांडीवर घरी आले. कॉलेज उघडेल तेव्हा ते जिवंत न्यायचे होते. एवढी एकच गोष्ट मला हवी होती, पण ती जिवापाड हवी होती.

मासे हाताच्या बोटाएवढे. पिवळसर अंग आणि त्यावर काळे उभे पट्टे. आल्यावर दोनच दिवसांत धाकटा पेटीच्या तळच्या दगडाला अंग घासायला लागला. मग दोघांच्याही अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. रोग तोच होता. त्यावर औषध मोरचूद, तेही अगदी मोजून. कमी पडलं तर रोग हटत नाही आणि जास्त झालं तर मासाच राहत नाही. मामंजींनी लिंबाच्या बागेवर फवारायला आणलेलं मोरचूद घरात होतं. बाग वाळून गेली होती, मोरचूद तेवढं उरलं होतं.

पाण्याचा खारटपणा मोजायला गावच्या डेअरीतला लॅक्टोमीटर मागून आणला. जनावरं छावणीत, डेअरीत दूधच येत नव्हतं, त्यामुळे कुणी नाही म्हणालं नाही. दुधात बुडवायची ती काचेची नळी समुद्राच्या पाण्यात कुठल्या रेघेला थांबते ते मी आधी पाहून ठेवलं. मग खडेमीठ विरघळवून त्याच रेघेपर्यंत पाणी बनवायला शिकले. पण त्यालाही गोडं पाणी लागायचंच.

"मान्साला प्याया पानी न्हाई अन् माशांची आंगूळ चाललीय," आत्याबाई म्हणायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बोलणं कडक, पण माझ्या वाट्याचं पाणी मी माशांना दिलं तर अडवत नसत. मी अंघोळ सोडली होती, डोकं धुणं तर विसरलेच होते. मामंजी गालातल्या गालात हसत. नवरा दुष्काळी कामावर मुकादम होता, तो शनिवारी यायचा आणि पेटीकडे बघून मान हलवायचा.

औषध लागू पडलं. ठिपके विरळ झाले, धाकटा भिजवलेली सुकट खायला लागला. अडकलेला पगाराचा कागद कॉलेजच्या कचेरीतून आणायला मला एकदा नगरला जाणं भाग होतं. जाताना आत्याबाईंना विनवलं, पेटीतलं थोडं पाणी काढा आणि बादलीत मी तयार करून ठेवलंय त्यातलं तेवढंच घाला. त्या म्हणाल्या, "जा गं, यवढं बी येत न्हाई व्हय मला?"

नगरला एक मुक्काम करून मी परतले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड आणून धापा टाकत होते. कल्ले नुसते फडफडत होते. सुकट टाकली, ती तशीच तळाला गेली. अंगावर तर ठिपका नव्हता. मग रोग कल्ल्यांत शिरला का? तसं असेल तर मोरचूद वाढवायला हवं. का मोरचूदच जास्त झालं? मग ते थांबवायला हवं. दोन्हींत मासा असाच धापा टाकतो. पुस्तकात दोन्ही दुखणी वेगवेगळ्या पानांवर असतात, माझ्यापुढे ती एकाच पेटीत होती. औषधाची बाटली हातात घ्यायची आणि ठेवायची, घ्यायची आणि ठेवायची. मामंजी म्हणाले, "बस की घडीभर, भवरा झालीयस नुसती." मी त्यांच्यावरही खेकसले.

शेवटी बाटलीचं बूच काढलं. तेवढ्यात परसातून आत्याबाईंची कुरकुर ऐकू आली. तांब्याचा हंडा चिंच लावून राखेनं घासत होत्या. "एका राती हिरवं चढलं बघ हंड्याला. तुझ्या त्या खाऱ्या पान्यानं वाटुळं केलं."

मी बाटली खाली ठेवली. "खारं पाणी हंड्यात कशाला?"

"त्या पलाष्टिकच्या बादलीला उनानं वास येत हुता. त्यातलं पानी जिवाला घालावं व्हय? परवा राती हंड्यात वतून, फडकं बांदून ठिवलं. देवाचं पानी ठिवतो तसं."

मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. खारं पाणी रात्रभर तांब्यात राहिलं आणि तांबं त्यात उतरलं. मासे आधीच औषधाच्या काठावर होते, त्यांच्यावर या घरातल्या सगळ्यांत शुद्ध भांड्यानं आणखी विष ओतलं होतं. मी ओरडले, "आत्याबाई, मारलंत तुम्ही त्यांना!"

त्या उठल्या. हात राखेनं भरलेले. माझ्याकडे नाही, पेटीकडे बघितलं. मग विचारलं, "आता काय लागंल?"

"नवं पाणी. गोडं. सगळंच बदलायला हवं."

"घागरभर?"

"घागरभर."

टँकर उद्यावर गेला होता. घरात प्यायचा माठ तेवढा भरलेला. त्यांनी मामंजींसाठी आणि माझ्यासाठी एकेक तांब्या बाजूला काढला आणि उरलेला माठ माझ्यापुढे आणून ठेवला. मीठ विरघळवलं, लॅक्टोमीटर रेघेवर येईपर्यंत हात चालवला आणि मासे नव्या पाण्यात सोडले. मोरचुदाचा एक थेंबही घातला नाही.

धाकटा संध्याकाळी गेला. मोठा पेटीच्या कोपऱ्यात कलंडून पडलेला, पण कल्ला हलत होता. मी त्याच्यासमोरून हलेना.

जेवायची वेळ झाली. आत्याबाईंनी आमची पानं वाढली, आपलं घेतलं नाही. मी माझा तांब्या पुढे केला, त्यांनी तो हातानंच मागे सारला.

"माजी आज निर्जळी हाय."

"कसली निर्जळी?" मामंजींनी विचारलं. "आज ना चतुर्थी ना एकादशी."

"नवसाची."

दिवसभर पाण्याच्या थेंबाविना त्यांचे ओठ तडकलेले दिसत होते, आणि त्यांना मी सकाळी काय म्हणाले ते माझ्या कानांतून जात नव्हतं.

सकाळी सुकटीचा एक तुकडा मोठ्यासमोर सोडला. त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि मी घागर घेऊन पळाले. परत आल्यावर आधी तांब्या भरून आत्याबाईंपुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही. ओठ कोरडे ठाक, आवाज नीट फुटेना.

"त्यानं खाल्लं का?"

मी माजघरात जाऊन पेटीत वाकले. तुकडा नव्हता. दगडाखाली पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं, कुठेच नव्हता. मोठा मासा सरळ पोहत काचेपाशी आला आणि अजून मागायला लागला.

"खाल्लं, आत्याबाई!"

"मग आन ते पानी," त्या म्हणाल्या आणि तांब्या तोंडाला लावला.