खंडेनवमीला घासलेला खल

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. वडील होते तोवर कोयता, कुदळ, विळी पाटावर मांडली जायची. मी रत्नागिरीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागलो आणि आई हटूनच बसली, "तुझं हत्यार कुठलं ते आण घरी." माझं हत्यार म्हणजे अकीकाचा खल. दगडी, गुळगुळीत, आणि तळाशी एक बारीक चीर गेलेला. आणला. पूजा झाली, झेंडू वाहिला, दुसऱ्या दिवशी खल परत प्रयोगशाळेत गेला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. थंड केल्यावर विजेला जराही अडवत नाहीत अशा काळ्या पदार्थांनी तेव्हा साऱ्या जगाला वेड लावलं होतं. मुंबईच्या एका संस्थेतल्या माझ्या सरांनी मलाही त्यात ओढलं. खल त्यांच्याच संस्थेचा. मी त्यात भुकट्या घोटायच्या, भट्टीत भाजायच्या, दाबून टिकल्या करायच्या. सर त्या टिकल्या परदेशी नेत आणि तिथे त्यांच्यावर म्यूऑन नावाचे कण सोडत. म्यूऑन टिकलीत शिरून थांबतो. आत चुंबकत्व असेल तर त्याचं तोंड फिरत राहतं. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी तो मरतो, आणि मरताना एक कण बाहेर फेकतो, बहुतेकदा तोंड असेल त्याच दिशेला. असे ढीगभर कण मोजले की टिकलीच्या पोटातलं चुंबकत्व कळतं.

हे मी आईला एकदा मोठ्या हौसेनं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चहाडखोरच की मेले!"

त्या खंडेनवमीनंतर दिवाळीच्या सुट्टीत केलेल्या टिकलीनं कमाल केली. प्राचार्यांच्या खोलीतल्या फोनवर सरांचा आवाज थरथरत होता. जिथे चुंबकत्व असायला नको, तिथे ते सापडलं होतं. हे टिकलं तर पुढच्या खेपेला ते मला बरोबर नेणार होते. रात्रंदिवस मला दुसरं काही सुचेना. कॉलेजनं शाल-नारळ दिला. मी भाषण काय ठोकलं, विचारू नका! आई पहिल्या रांगेत, नऊवारीचा पदर सावरत, एकही शब्द न कळता सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होती.

मे महिन्यात सर स्वतःच आले, एस्टीनं, घामाघूम होऊन. पडवीत टेकले आणि म्हणाले, "तुझी टिकली कितीही तापवली तरी चुंबकत्व हटत नाही. हे आपल्या पदार्थाचं लक्षण नाही रे. उरलेली भुकटी आहे?"

प्रयोगशाळेत जाऊन मी भुकटी आणली, खलही आणला. सरांनी भुकटी कागदावर पसरली आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवलं. इथे तिथे काळे केस उभे राहिले. मांडवीच्या किनाऱ्यावर लोहचुंबक घेऊन खेळलेलं आमच्याकडचं कुठलंही पोर हे केस ओळखील. आमची काळी वाळू ती!

"खल कशानं धुतोस?"

"ॲसिडनं, सर. दर वेळी."

आई कोकम सरबत घेऊन दारात उभी होती. तिनं ओळखलं की खलाबद्दल विचारतायत. तिला राहवतंय कुठलं! "एकदा मीपण घासलाय हो! खंडेनवमीला. मांडवीची वाळू नि नारळाचं सोडण घेतलं, म्हटलं पूजेला ठेवायचा तर देवाच्या ताम्हनासारखा लख्ख हवा. याला पत्ताच नाही!"

धरणी दुभंगली असती तर मी सुखानं आत गेलो असतो. तिनं आत जावं, गप्प बसावं, असं मला वाटलं. माझ्या आईची मला लाज वाटली. आणि लगेच त्या लाजेचीच इतकी लाज वाटली की मान वर होईना. ती शाल, ते भाषण, सगळं अंगावर आलं. म्यूऑननी चहाडी केली होती, आणि ती खरी होती.

सरांनी खलातली चीर भिंगातून न्याहाळली; आत काळे कण अजून अडकलेले होते. मग ग्लास उचलला, सावकाश सरबत संपवलं आणि म्हणाले, "काकू, तुमच्या हाताला फार मेहनत आहे." मला त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. निघताना तेवढं हळूच म्हणाले, "निकाल मागे घेतो. तुझ्या येण्याचं... बघू पुढे." खल वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी आपल्या पिशवीत टाकला. "हा आता मुंबईलाच राहू दे."

त्यांना एस्टीत बसवून परत आलो तेव्हा आई फणसाचे गरे काढत होती. हाताला तेल, मांडीखाली विळी.

"खल नेला वाटतं साहेबांनी?"

"नेला."

तिचा चेहरा असा फुलला की मी भिंतीकडे बघत राहिलो.

"इतका आवडला होय? मेल्या, आधी सांगायचंस ना! आणखी एकदा घासून दिला असता."