भिंत सोडून

लियाकतभाईनं जिंदगीची माती केली, असं कुणी म्हणालं की माझं टाळकं सरकतं. मी हमीदा, त्याची धाकटी बहीण.

१९३४ साली भाई घोटीच्या बाजारातून एका तमाशाच्या फडाबरोबर पळाला. त्याला नाचायचं होतं. महिन्याभरात अब्बांनी दम्यानं अंथरूण धरलं, तसा अम्मीनं निरोप धाडला. भाई नाशिकला परतला आणि भद्रकालीतल्या आमच्या कल्हईच्या भट्टीपुढे मुकाट बसला. घरात आम्ही तीन बहिणी लग्नाच्या होतो.

कल्हईआधी भांडं घासावं लागतं. मोठ्या पातेल्यात वाळू टाकायची, आत उभं राहायचं आणि भिंतीला धरून, कमरेतून फिरत पायांनी घासायचं. सगळेच कल्हईवाले भिंत धरतात. भाईनं ती सोडली. हात मोकळे, पायाखाली वाळूचा ठेका! भांडी घेऊन आलेल्या बायका बघतच राहायच्या. अम्मी मात्र आतून ओरडायची, "भिंत धर, पडशील!"

एकदा तो खरंच पडला. मनगट मुरगळलं, आठवडाभर भट्टी बंद राहिली. त्यानंतर आमची लग्नं होईपर्यंत त्यानं भिंत सोडली नाही.

सगळ्यांत शेवटी माझं लग्न झालं. मी पहिल्यांदा माहेरी आले, त्या दिवशी अम्मीनं घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं भाईपुढे आणून ठेवलं.

"हे घास."

"अम्मी, याला परवाच कल्हई केली मी. आरशासारखं आहे."

"ठाऊक आहे मला. चढ आत. अन् भिंत धरू नकोस."