छबूबाईंचा दाभण
छबूबाईंबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. संगमनेरच्या आमच्या दवाखान्यात त्यांच्यामुळे एक माणूस दगावला, असं लोक अजून म्हणतात. लोकांना काय कप्पाळ माहीत! त्या दिवशी इंजेक्शन मी दिलं होतं. मी कानिफनाथ, तिथला कंपाउंडर.

छबूबाई कोल्हारच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या. शिक्षण चौथी. पेशंटची कार्डं त्या सांभाळायच्या. कार्डाच्या कडेला भोकांची रांग असायची. ज्याला पेनिसिलिन सोसत नाही, त्याच्या कार्डाचं तिसरं भोक कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठ्याच्या तिसऱ्या भोकातून पोती शिवायचा दाभण घालायचा, उचलायचा आणि हलवायचा. कापलेली कार्डं खाली पडायची, बाकीची दाभणावर लटकून राहायची. पडलेल्या चार-पाचांत नाव दिसलं, की त्या माणसाला इंजेक्शन बंद. बाईंचा हात असा बसला होता की डॉक्टर डोळे झाकून विश्वास ठेवायचे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेजारच्या अकोले गावातला आमचा छोटा दवाखाना बंद झाला आणि तिथली कार्डं ट्रंकेत भरून एसटीनं आली. छापखाना तोच, भोकंही तीच. बाई म्हणाल्या, "येगळी ठेवू का?"

मीच म्हणालो, "मिसळा की! सारखीच तर हायत."

पण अकोल्याची रीत उलटी होती. तिथं पेनिसिलिन सोसणाऱ्याचं भोक कापायचे. त्यांनी ते कळवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आठवड्याभरात अकोल्याकडचा भीमा आला. कुऱ्हाड लागून पाय सुजलेला, अंगात ताप, सोबत बायको दगडाबाई. डॉक्टर आतून म्हणाले, "कार्ड बघून पेनिसिलिन द्या."

बाईंनी दाभण हलवला आणि कार्डं धडाधड खाली पडली. त्या चरकल्या.

"कानिफभाऊ, आज लई कार्डं पडली. येवढी कदी पडत न्हाईत. थांबा वाईच, बगते."

बाहेर रांग लागली होती. मी खेकसलो, "भीमाचं पडलं का?"

"न्हाई."

"मग झालं तर! दाभण काय आज पयल्यांदा हातात घेतलाय का तुमी?"

त्या वाकून पडलेली कार्डं गोळा करू लागल्या. मी इंजेक्शन दिलं.

भीमाचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले. डॉक्टर धावत आले, हाताशी होतं ते सगळं केलं. अर्ध्या तासात तो गेला.

दगडाबाई रडत नव्हती. भिंतीला टेकून म्हणाली, "अकोल्यात टोचलं तवाबी असंच झाल्तं. पुना द्यायचं न्हाई म्हनले हुते. मी हितंच हुभी हुते की. मला कुनी इचारलंच न्हाई."

चौकशीला साहेब आले. छबूबाईंनी सांगितलं, "कार्डं मीच मिसळली. दाभन माजाच." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांना काढून टाकलं. जाण्याआधी चार दिवस बसून त्यांनी अकोल्याचं एकेक कार्ड वाचून वेगळं केलं.

स्टँडवर मी त्यांना गाठलं. "माजं नाव का न्हाई घेतलंत?"

"तुमची तीन लेकरं हायत. माजं कोन हाय?" त्या म्हणाल्या आणि कोल्हारच्या गाडीत चढल्या.

त्या वारल्याचं कळलं तेव्हाही मी कुणाजवळ बोललो नाही. आज बोलतोय. त्या थांबा म्हणाल्या होत्या. मी थांबलो नाही.