दोरीवरची शाळा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही कौतुकाने सांगितलंत की तुमच्या धाकटीच्या शाळेत तिच्यासाठी भिंतीवर दिवसभराची चित्रं लावतात, आधी काय होणार, मग काय होणार ते. वर म्हणालात, "आजी, तुमच्या काळी ऑटिझम हा शब्दच नव्हता, मग कोण काय करणार?" मी फोन ठेवला, कारण परदेशच्या फोनवर भांडण नीट होत नाही. पण तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून क्रमाने लिहिते. शब्द नव्हता हे खरं. मुलं होती. आणि तुमच्या आजोबांची मोठी बहीण, माझ्या वन्सं, होत्या.

अख्ख्या अंबरनाथात त्यांच्याइतकं रागीट माणूस झालं नाही. स्टेशनच्या पश्चिमेकडच्या एका प्राथमिक शाळेत त्या पहिलीला शिकवत. वर्गात त्यांचा आवाज कधी चढला नाही. सगळा राग त्या मोठ्या माणसांसाठी राखून ठेवत. मुलाशी बोलताना वाक्य तीन शब्दांचं. एक प्रश्न विचारला की दुसरा नाही, नुसतं थांबायचं, आणि ते इतकं की एका पालकाला वाटलं, बाईंना डुलकी लागली. त्याने पोराला ढोसलं तेव्हा वन्सं त्याच्यावर उखडल्या, "उत्तर निघालंय, वाटेत आहे. तुम्ही कशाला त्याला परत पाठवताय?" घरी पाहुणे आले तरी हीच रीत. "आता चहा. मग गप्पा. मग तुम्ही घरी," असं दारातच सांगून टाकत. दोन आत्येसासवा त्यानंतर आमच्याकडे फिरकल्या नाहीत. वन्संना त्याचं काही वाईट वाटलं नाही, मलाही नाही.

त्यांच्या वर्गात हिरू आली ती शिवमंदिरापलीकडच्या भातशेती करणाऱ्या घरातून. आठेक वर्षांची पोर. स्वतःचं बोलत नसे, दुसऱ्याचं शेवटचं वाक्य घोळवत बसे. टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर शाळेचा टोला पडला की कान दाबून बाकाखाली. घरच्यांनी देवऋषी करून पाहिले होते. आई शेतावर जाताना तिला घरातल्या खांबाला बांधून जाई, नाहीतर पोर तळ्याकडे धावे. आई शाळेच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "बाई, पोर माझी येडी नाय. तिला समदं कळतंय, फक्त पुढं काय व्हनार ते कळत नाय, मंग ती भिते."

वन्संनी तिच्याकडे रागाने पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून पोर शाळेत. आणि ती बांधायची दोरी मला आणून द्या. घरात ठेवायची नाही."

ती दोरी त्यांनी वर्गात दोन खिळ्यांना ताणली आणि तिच्यावर ओळीने वस्तू टांगल्या: पाटी, मण्यांची माळ, डब्याचं फडकं, चेंडू, आणि शेवटी हिरूची पिशवी, म्हणजे घर. एक काम झालं की हिरूने ती वस्तू काढून पत्र्याच्या डब्यात टाकायची. संपलं. रुळाच्या तुकड्याला गोणपाट गुंडाळलं. पावसाळा सरेपर्यंत पोर बाकाखाली जाईनाशी झाली, पुढे अक्षरंही ओळखू लागली. वन्संनी मग आमच्या घरातही दोरी बांधली. तुमच्या आजोबांचा टॉवेल, डबा, छत्री, सगळं क्रमाने. एकदा डबा टांगायचा राहिला, तर आजोबा तसेच कारखान्यात गेले. संध्याकाळी म्हणाले, "दोरीवर नव्हता."

मग डिप्टीसाहेबांची तपासणी आली. तपासणी म्हणजे चुना! शिकवलेलं कुणी बघत नसे, भिंती बघत. मोठ्या गुरुजींनी आदल्या दिवशी शाळा पांढरीफटक केली आणि दोरी, वस्तू, गोणपाट, सगळं "वाण्याचं दुकान" म्हणून अडगळीत फेकलं. सकाळी टोला खणखणला. हिरूने कोरी भिंत पाहिली आणि बाकाखाली शिरून जी किंचाळली ती थांबेना. मोठे गुरुजी धावत आले. म्हणाले, साहेब फाटकाशी आलेत, हिला मागच्या दाराने काढा, उद्या पटावरून नावही काढतो.

नाव काढणं म्हणजे काय, ते त्या खोलीत वन्संना आणि हिरूला ठाऊक होतं. म्हणजे खांब.

वन्संनी मोठ्या गुरुजींच्या डोक्यावरची टोपी उचलली. अगदी शांतपणे. भिंतीतल्या उघड्या खिळ्याला टांगली, दुसऱ्या खिळ्याला पाटी, खिडकीच्या गजाला पिशवी. मग जमिनीवर बसून बाकाखाली बघत म्हणाल्या, "आधी टोपी. साहेब येणार. मग पाटी. मग घर." आणि थांबल्या. साहेब दारात आले तरी वळल्या नाहीत. किंचाळणं हुंदक्यांवर आलं, मग नुसतं पुटपुटणं, "मग घर, मग घर." पोर बाहेर आली. साहेबांनी भिंती पाहिल्या, छान म्हणाले, गेले. हिरूने टोपी काढून कोपऱ्यात राहिलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. मोठे गुरुजी बोडक्या डोक्याने साहेबांना फाटकापर्यंत पोचवून आले.

आता इथे तुम्हाला वाटेल, सगळं गोड झालं. नाही झालं. पुढच्याच महिन्यात मोठ्या गुरुजींनी हिरूचं नाव काढलं. वन्संनी शिक्षणखात्यापर्यंत पायपीट केली, तिथे एका गृहस्थांनी सल्ला दिला, बाई, इतकं रागावू नये. त्या म्हणाल्या, "मग शिकवायचं कशाच्या जोरावर?"

त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर आमच्या ओसरीवर हिरूची शाळा भरे. आई सकाळी तिला माझ्या हवाली करून शेतावर जाई; वन्सं शाळेतून येईपर्यंत मी सांभाळत असे. पोर पुन्हा कधी बांधली गेली नाही. संध्याकाळी हिरू गेली की वन्सं बराच वेळ तिथेच बसून राहत, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावर राग नसे. तो चेहरा मला आता नीट आठवत नाही, याची हळहळ वाटते.

वन्सं गेल्या. ती शाळाही पाडली. हिरू आहे, भावाकडे राहते. सकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचते, जाहिरातींसकट.