साहेबांचं भिंग

"माणूस खोटं बोलते, बाई. मशीन नाही बोलत," असं म्हणून साहेब खिशातून भिंग काढायचे, रुमालाने घसघसून पुसायचे आणि परत खिशात ठेवायचे. पाहायचे काहीच नाही! वरठीच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडांसमोर माझी चहाची टपरी होती. त्या भिंगाइतकी स्वच्छ वस्तू त्या धुळीत मी दुसरी पाहिली नाही.

शेडमध्ये कोणाचं बोट कापलं, कोणाचा जीव गेला, की हे सरकारकडून चौकशीला येत. जखमेवरून मशीनचा तुकडा कुठून उडाला ते ओळखतात म्हणे. ओळखत असतील बापा. मला तर ते मालकाच्या केबिनमध्ये कूलरसमोरच दिसले. वरून निरोप यायचा, "चहात आलं कमी टाकजो, साहेबाले पित्त होते."

माझ्या शेजारच्या देवकाचा नवरा त्याच शेडमध्ये, लोखंड घासायच्या ग्राइंडरची चकती फुटून गेला. तुकडा मानेत घुसला. चकतीवर लोखंडी झाकण असतं, गार्ड म्हणतात त्याला. काम लवकर उरकावं म्हणून मालकाने ते कधीच काढून टाकलं होतं. साहेब येईपर्यंत ग्राइंडर धुतलेला, हळदकुंकू लावलेला, पुढे नारळ फोडलेला, आणि वर कोरा करकरीत गार्ड! दार सताड उघडं होतं, मी टपरीतून पाहत होते. साहेबांनी काय करावं? ग्राइंडरला नमस्कार केला, खोबरं तोंडात टाकलं आणि केबिनमध्ये शिरले.

बाहेर आले तेव्हा देवका आडवी गेली. "साहेब, लोक म्हणतेत तो पिऊन होता. मह्या पोरीले शाळेत चिडवून राहिले. गार्ड नव्हता, एवढंच लिवा जी."

"मशीन सांगन ते लिहीन, बाई."

लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

रिटायर झाल्यावर साहेबांनी घर बांधायला काढलं ते नेमकं आमच्याच गल्लीत. देवका तिथेच घमेली वाहायला लागली. पोट काही घरमालक पाहून भूक लावत नाही. मी ओट्यावर डाळ निवडत होते. फरशीवाल्याने ग्राइंडर सुरू केला, तशी खुर्चीतून उडी मारून साहेब सिमेंटच्या पोत्यांमागे!

"अबे थांब! गार्ड काहून काढला? चकती फुटली तं मानेत घुसन!"

म्हणजे पाहा. इतकी वर्षं मी त्यांना बावळट समजत होते. बावळट असते तर बरं होतं.

देवकाने घमेलं खाली ठेवलं. "हेच तं लिवाचं होतं, साहेब." साहेबांचा हात खिशाकडे गेला. भिंग नव्हतं, नुसता रुमाल निघाला. "थांबा जी," देवका म्हणाली, "पोरगी घरीच आहे, तिले आणतो. तिच्यासमोर एकडाव बोला."

मायलेकी आल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती. फरशीवाला खाली बसून गार्ड कसत होता.

"हे कायले लावून राहिले, काका?" पोरीने विचारलं.

"साहेब म्हणे, नाही तं तुकडा मानेत घुसते."

पोरगी वळून आईकडे पाहत राहिली.