सर्जेआप्पांचं दिल्लीचं विमान

सर्जेआप्पा कुठल्याही यंत्राकडे आधी बघत नसत. आधी त्याच्यावर तळहात ठेवत. माझ्या क्लासमधला इन्व्हर्टर असो, माझी स्कूटी असो, नाहीतर शेजाऱ्यांची पिठाची गिरणी. हात टेकवून, डोळे अर्धवट मिटून क्षणभर थांबायचे आणि मगच बोलायचे. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं लेथ चालवली होती त्यांनी. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा वेळेआधीच घरी बसले. हाताची सवय मात्र सुटली नाही.

बजाजनगरमध्ये माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं आणि गल्लीत टँकरचा आवाज आला की माझे निम्मे विद्यार्थी वर्ग सोडून पळायचे. अशाच एका दुपारी लुनाच्या पायरीवर गोधडीत गुंडाळलेला सीपीयू ठेवून एक पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ आले, तेच सर्जेआप्पा. गोधडी सोडत म्हणाले, "मॅडम, याला धाप लागती. दिल्लीपर्यंत पोचत नाय."

मला काहीच कळेना. मग त्यांनी खुर्चीवर बसून सगळं सविस्तर सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा दिल्लीला असते. तिला दिवस गेलेत आणि डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून बजावलंय. म्हणजे बाळंतपणाला आईनेच तिकडे जायला हवं. पण काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, कडूबाईंची, कंबर कायमची दुखावलेली. रेल्वेत एक रात्र आणि एक दिवस काढणं त्यांना झेपणारं नव्हतं. चिकलठाणा विमानतळावरून दिल्लीला थेट विमान होतं, पण काकूंना विमानाची भयंकर भीती. आधीच्या दिवाळीत जावयाने इथे घरीच राहिलेल्या मनीषाच्या जुन्या कॉम्प्युटरवर गंमत म्हणून विमान उडवायचा खेळ टाकून दिला होता. आप्पांनी ठरवलं, काकूंना त्याच्यासमोर बसवायचं आणि चिकलठाणा ते दिल्ली सगळा रस्ता दाखवायचा. एकदा डोळ्यांखालून गेला की भीती कशाची? पण पहिल्याच दिवशी विमान उचललं आणि चित्र झटके खायला लागलं. वळणावर तर ते हवेतच थिजलं. काकू उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"ते झटके इमानाचे नाय, या डब्ब्याचे हायेत," आप्पा मला म्हणाले. "पण हे तिला कसं पटवू? आता पुन्हा बसवीन तर ते लोण्यासारखं चाललं पायजे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मला घाई होती. सेटिंगमध्ये शिरून सावल्या, झाडं, लांबची दृश्यं सगळं एकदम खाली आणलं. विमान जरा बरं चाललं, मग पुन्हा अडखळलं. यातल्या कशाने फरक पडला, असं आप्पांनी विचारलं. मला सांगता येईना. त्यांनी सगळं पूर्ववत करायला लावलं आणि म्हणाले, "एका वेळी एकच नट फिरवायचा, मॅडम. दोन फिरवले की चूक कोणाची ते कळत नाय."

मग त्यांनी वही सुरू केली. रोज एकच बदल. रोज तीच धावपट्टी, तेच वळण, तेवढीच उंची. पडद्याच्या कोपऱ्यात एका सेकंदात किती चित्रं सरकतात त्याचा आकडा दिसायचा, तो ते बारीक अक्षरात टिपून ठेवायचे. सावल्या गेल्या. विमानतळावर उगाच उभी असलेली इतर विमानं गेली. ढगांचा भार यंत्रावर सगळ्यात जास्त पडत होता, पण ढग नसलेलं आकाश काकूंना खरं वाटेल का, अशी मला शंका आली. आप्पा म्हणाले, "काढा ढग. बाहेर तरी कुठं हायेत?" ते हसले नाहीत. देवगाव रंगारीला भावाकडे असलेलं त्यांचं रान त्या वर्षी पेरलंच नव्हतं.

तरी वीसेक मिनिटांनी विमान मंदावायचंच. आप्पांनी डब्ब्यावर तळहात ठेवला आणि हे तापतंय, असं निदान केलं. उघडून बघितलं तर आतल्या पंख्यावर बोटभर धूळ. त्यांच्या घरामागे पूर्वी ज्वारी असायची तिथे आता एकामागून एक इमारती उठत होत्या. सिमेंट आणि माती दिवसभर उडायची. आप्पांनी रंगाच्या ब्रशने पातं न् पातं साफ केलं, मी प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी, वाळून गेलेली पेस्ट बदलली. खोलीत कूलर होता, पण प्यायला पाणी नसताना त्यात बादली कोण ओतणार? म्हणून आप्पा पहाटे पाचला, हवा थंड असताना सराव करायला लागले. टँकर यायच्या आत रोज एक फेरी.

एवढं करूनही उतरताना चित्र थरथरायचंच. आता नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल, असं मी सांगून टाकलं. आप्पा वही चाळत बसले. वर आकाशात आकडा चाळीस असायचा आणि जमिनीजवळ बाविसावर यायचा. लेथवर हत्यार कधी भरभर, कधी सावकाश सरकलं की कापायच्या लोखंडावर रेघा उमटतात, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "लई पळवू नका. एकसारखं पळवा."

मी तो आकडा वरपासून खालपर्यंत विसावरच बांधून टाकला. थरथर गेली. दहा वर्षं मी लोकांना कॉम्प्युटर शिकवत होते आणि वेग वाढवायच्याच मागे होते. तो कमी करून बघावा, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी काकू पाठीला उशी लावून खुर्चीत बसल्या. मांडीवर निवडायची मेथी. आप्पा एकेक गोष्ट सांगत होते, "आता चाकं आत गेली, त्याचा आवाज. आता कलतंय, ते वळण." दोन तास काकू मेथी निवडत पडद्याकडे बघत राहिल्या. विमान दिल्लीला अलगद टेकलं. काकूंनी काड्या पदरातून झटकल्या आणि म्हणाल्या, "काढा तिकिटं."

ते दोघं गेले आणि नातीचे फोटो घेऊन आले. खऱ्या विमानात काय झालं ते काकूंनीच सांगितलं. विमान वर उठलं तसं आप्पांनी डोळे गच्च मिटले, हाताची मूठ सुटेना. शेवटी काकूंनी त्यांचा हात धरला आणि कुठला आवाज कशाचा, ते त्यांना दिल्लीपर्यंत सांगत राहिल्या. आप्पा शेजारी बसून खाली मान घालून हसत होते.

पुढे मी क्लास शहरात हलवला. चार वर्षांनी आप्पा गेले, झोपेतच. मी भेटायला गेले तेव्हा घरात काकू एकट्याच होत्या. आप्पांचं बोलता बोलता विमानाचा विषय निघाला.

"मॅडम, एक सांगते," काकू म्हणाल्या. "माझी भीती पंधरा दिसांतच गेली व्हती. ते पहाटं सराव करायचे आन् मी आत पडून समदं ऐकायची. मनीषाला फोनवर सांगून टाकलं, मी येळेवर येते, तू काळजी करू नको."

मग आप्पांना का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

काकू म्हणाल्या, "कंपनी सुटल्यावर आठ महिने हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडलेला व्हता. ना धड जेवण, ना कोणाशी बोलणं. त्या इमानापायी उठून बसला. वही आणली, दाढी करायला लागला, तुमच्याशी वाद घालायला लागला. मी लगेच व्हय म्हणले असते तर दुसऱ्या दिशी काय केलं असतं त्यांनी?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "म्हणून भीत राहिले. त्यांना शेवटपर्यंत नाय सांगितलं."